डाव्या हाताची पहिली सीट

गजूचं तोंड सुजून कलिंगडाएवढं झालं होतं. खोटं सांगत नाही. रत्नागिरीच्या लॉजवर सकाळी तो खोलीतून बाहेर आला, तेव्हा आमच्या आचाऱ्याने त्याला विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?" दोघं कितीतरी वर्षं एकाच गाडीवर आहेत.

गजू माझा ड्रायव्हर. गाव वाटूर, आमच्या जालन्याकडचं. आदल्या संध्याकाळी लॉजशेजारच्या खानावळीत त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोळंबी खाल्ली, आणि आवडली म्हणून लग्नातल्या बुंदीसारखी खाल्ली. कोळंबीने रात्रभर सूड उगवला.

"शेठ, मला तुमी दिसूनच न्हाई राह्यले," गजू म्हणाला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेतलं. "जिवाला धोका नाही. पण या गोळ्यांनी झोप येते. घरी पोचेपर्यंत याला स्टिअरिंगला हात लावू देऊ नका."

लॉजबाहेर बसभर माणसं अंघोळी करून, पावडर लावून, टोप्या घालून उभी. जालन्याहून इतक्या लांब आलेली. कुठल्याही टूरवाल्याने घाबरून दहा फोन लावावेत अशी वेळ. मी एकही लावला नाही. या हकिकतीतली लाज तिथून सुरू होते.

माझं टूरचं ऑफिस जुन्या जालन्यात, एका धान्याच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की जाड गिऱ्हाईक एकदा वर आलं की बुकिंग केल्याशिवाय खाली उतरायला तयार होत नाही. आमच्या धंद्यात जागा विकत नाहीत, माणूस ओळखतात. नवीन लग्न झालेल्यांना कुठंही पाठवा, दाराची कडी नीट लागली पाहिजे. रिटायर मास्तरांना इतिहास नको असतो, संडास जवळ पाहिजे असतो. मोंढ्यातल्या धान्य व्यापाऱ्याला मोबाईलची रेंज आणि पोटभर जेवण द्या, मग त्याला वाळवंट दाखवलं तरी तो खूश. बागायतदाराला काश्मीरला न्या, तो बर्फाकडे पाठ करून सफरचंदाच्या झाडाला किती माल लागतो ते विचारत बसतो. माणूस जिना चढताना त्याच्या चपलेचा आवाज ऐकून मी सांगतो, हा उटीचा की उज्जैनचा. निम्म्या जालन्याने काश्मीर आधी माझ्या तोंडून पाहिलं, मग डोळ्यांनी. तोंडचं जास्त चांगलं होतं, असं लोक सांगतात. म्हणजे मीच सांगतो.

शब्बीरचाचा जिना चढून आले तेव्हा मात्र मला चपलेवरून काही कळेना. पाऊल दमदार, पण प्रत्येक पायरीवर थांबून पुढचं बघून टाकलेलं. जन्मभर एसटी चालवलेली. अंबड, वडीगोद्री, बीड, कधी पुणे. नुकतेच रिटायर झाले होते. मागून रझियाचाची.

मी लगेच सुरू केलं. "चाचा, अजमेर?"

"वो हो गया."

"मंग हैदराबाद? चारमिनार, बिर्याणी, सगळं."

"अरे बाबा, वहां तो साली रहती मेरी. घर का ही है." चाचा खुर्चीत पुढे सरकले. "दत्ता, मला कुठं जायचं ते न्हाई. मला कसं जायचं ते सांगतो. मी सारी उमर सामने बघितलं. बाजूला काय असतं, मला ठाऊक न्हाई. मला खिडकीत बसायचं. ही बाजूला पाहिजे. बस चालू पाहिजे आणि चलानेवाला दुसरा पाहिजे. बस्स."

"आणि चाची?"

चाची पदर सावरत म्हणाल्या, "मैं इनकी गाडी में दो-तीन बार बैठी. पूरा रास्ता इनकी गर्दन देखी. बोल भी न्हाई सकते. ऊपर लिखा रहता ना, चालकाशी बोलू नये."

"लिखा है तो है," चाचा म्हणाले. "मी घरात बोलतो ना."

"घर में आप सोते हो."

मी टेबलावर थाप मारली. "चाची, समुद्र बघितला का? न्हाई? मंग कोकण! आरे-वारेचा रस्ता. अहो, समुद्र खिडकीत येऊन सलाम करतो. काच उघडी ठेवली तर मांडीवर मासा पडतो. डाव्या हाताची पहिली सीट तुमची. गाडीला डबल ड्रायव्हर. चाचांनी हातसुद्धा हलवायचा न्हाई."

डबल ड्रायव्हर म्हणजे लांबच्या टूरला दोन ड्रायव्हर ठेवायचे. एक चालवतो, दुसरा झोपतो. पहिल्याला काही झालं तर दुसरा असतो. आम्ही सगळेच टूरवाले हे गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगतो.

निघता निघता मी चाचांना सहज विचारलं, "लायसन चालू हाय ना अजून?"

चाचांना बरं वाटलं. रिटायर माणसाला त्याच्या कामाचं कुणी विचारत नाही. त्यांनी खिशातून काढून दाखवलं. "हेवी. बिलकुल चालू. जेब में ही रहता."

मी मान डोलावली. त्या टूरला मी दुसरा ड्रायव्हर घेतलाच नाही.

आता परत रत्नागिरीला. चाचा नवा पांढरा सदरा घालून बसच्या दारात उभे होते. चाची आधीच डाव्या हाताच्या पहिल्या सीटवर. खिडकी त्यांनी चाचांसाठी ठेवली होती, स्वतः आतल्या बाजूला बसल्या होत्या. ही सीट मी त्यांना मानाने दिली असं सगळ्यांना वाटत होतं. ती ड्रायव्हरच्या जागेपासून दोन पावलांवर होती, म्हणूनही दिली होती.

"चाचा," मी आवाजात सगळं दुःख आणलं, "गजूचं असं झालं. दुसरा ड्रायव्हर ऐनवेळी दगा देऊन गेला. आता तुमीच."

"कोई मिलेगा न्हाई इधर?"

मिळाला असता. लॉजवाला सकाळीच म्हणाला होता, दोन तास थांबा, माणूस बोलावतो. "कोण मिळतो या परमुलखात!" मी म्हणालो. "आणि मिळाला तरी या वळणांवर इतके जीव कुणाच्या हातात देऊ?"

चाचांनी बसमधल्या माणसांकडे बघितलं. मग चाचींकडे. चाची सरकून खिडकीत बसल्या. चाचांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पलीकडून चढले. बसमध्ये टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. चाचींच्या बाजूची रिकामी झालेली जागा बघून आचाऱ्याने कांद्याचं पोतं कुठं ठेवू विचारलं. मी तिकडे बोट दाखवलं.

शहर मागे पडलं, खाडीचा पूल गेला, रस्ता चढायला लागला. अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं. चाचा असे चालवत होते की पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या डॅशबोर्डवर ठेवला असता तर थेंब सांडला नसता. एका वळणावर झाडी संपली आणि डाव्या हाताला, एकदम खाली, समुद्र आला. सगळा. मी इतक्या थापा मारल्या होत्या, त्यांच्याहून मोठा होता तो.

बसमध्ये आरडाओरडा झाला. चाची अर्ध्या उठल्या. चाचांकडे वळल्या, तोंड उघडलं, हात वर गेला. आणि तो हात तसाच खाली आला. तोंड मिटलं. त्या पुन्हा बसल्या.

गाडी चालू होती. चालकाशी बोलायचं नसतं.

माझ्या बसमध्ये तशी पाटीसुद्धा नाही.

वर थांबायला जागा आहे. लोक उतरून फोटो काढायला धावले. चाचा उतरले नाहीत. गाडी उतारावर होती, आणि उतारावरची गाडी सोडून एसटीचा ड्रायव्हर हलत नाही. चाचीही उतरल्या नाहीत. मी बोलवायला दाराशी गेलो, तेव्हा त्या कांद्याच्या पोत्यावरून वाकून विचारत होत्या, "अजी, गाडी खडी है ना? अब बोलूं?"

"बोल."

"वो देखो."

चाचा वळले. पोत्यावरून, चाचींच्या खांद्यावरून, त्या खिडकीतून त्यांनी बघितलं. पाय ब्रेकवरच होता. "हां," ते म्हणाले. "बहोत है."

चाची आणखी काही सांगायला लागल्या होत्या. काय, ते मला ठाऊक नाही. कारण मागून दुसऱ्या बसचा हॉर्न वाजला आणि मी ओरडलो, "चलो चाचा, जल्दी! गणपतीपुळ्याला जेवण थंड होऊन राह्यलं!"

चाचा समोर वळले.

गणपतीपुळ्याला लोक किनाऱ्यावर गेले. चाचा फडक्याने समोरची काच पुसत होते. गजू डुलत डुलत त्यांच्याजवळ आला. गोळ्यांनी त्याची जीभ सैल झाली होती, आणि मनाने तो पहिल्यापासूनच भोळा.

"चाचा, माफ करा. माझ्यापायी तुमाला तरास. पण शेठ निघतानाच म्हणले व्हते, गज्या, एकटा म्हणून घाबरू नको. गाडीत एक फुकटचा ड्रायव्हर बसून हाय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एरवी माझ्याकडे कुठल्याही प्रसंगाला गोष्ट तयार असते. पोलिसांना, आरटीओला, बायकोला, सगळ्यांना पुरून उरलेला माणूस मी. त्या वेळी हात नुसता खिशातल्या फोनकडे गेला.

"हौ क्या," चाचा म्हणाले. काच पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता, "म्हणून लायसन पुछा था."

"चाचा, मी दुसरा ड्रायव्हर बोलावतो. आत्ता फोन—"

"रहने दे. आता मला मागे बसून झोप न्हाई यायची. गाडी कुणाच्या हातात हाय तेच बघत बसीन."

जालन्यापर्यंत त्यांनीच आणली. घाट, हायवे, सगळं. मी पोतं उचलून मागे नेलं. सीट रिकामी राहिली. तिच्यावर कुणी बसलं नाही, मीही नाही.

जालन्यात माणसं उतरली. मला खांदे थोपटून गेली, काय टूर झाली दत्ताशेठ! चाचांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि डेपोत देतात तसा रिपोर्ट दिला. "पिछला लेफ्ट टायर देख ले. ब्रेक लांब लागतो. बाकी गाडी बराबर."

"चाची," मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून, "समुद्र बघितला ना?"

"देखा," चाची म्हणाल्या. "समंदर भी देखा, गर्दन भी देखी."

"पुढच्या वेळी चाचांनी फक्त बसायचं. माझ्याकडून. शब्द हाय आपला."

चाचा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पुढच्या वेळी एसटीने जाऊ, बाबा. वहां ड्रायव्हर उनका रहता."

आणि गेलेसुद्धा. काही आठवड्यांनी मी स्टँडवर एका पार्टीला सोडायला गेलो होतो. कोकणात जाणाऱ्या एसटीत एक पिशवी, एक डबा घेऊन दोघं चढले. चाचा खिडकीत, चाची बाजूला. चाचींचं तोंड एकसारखं चालू होतं आणि चाचा बाहेर बघत मान हलवत होते. मला हाक मारता आली असती. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो, बस जाईपर्यंत. तहान नसताना दोन ग्लास रस प्यालो.

ही टूर मी चहाच्या टपरीवर पुष्कळदा सांगतो. त्यात गजूचं तोंड कलिंगडाएवढं असतं, समुद्रात बसएवढा मासा असतो, आणि रत्नागिरीला ऐनवेळी ड्रायव्हर शोधून काढणारा मी असतो. चाचींचा वर गेलेला हात त्यात नसतो. तो इथेच पहिल्यांदा सांगितला.

गिऱ्हाइकाला त्याचा धंदा विचारायची माझी सवय गेलेली नाही. पण आता तो अशासाठी विचारतो, की टूरवर ते काम त्याच्या हाताला लागू नये. आणि माझ्या गाडीवर आता डबल ड्रायव्हर असतात. दोघंही पगारी.