तिसऱ्या वाटीतलं माल्ट

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमध्ये घरी बिअर करणारे आम्ही नऊ जण, आणि नाक एकाचंच: क्लॅरी पेंगलीचं. तीस वर्षं त्याने माल्टच्या कारखान्यात लाकडी फावड्याने मोड आलेले जव उलटून, वाळवून त्यांचं माल्ट केलं होतं. काळ्या बिअरमध्ये शंभर पापं झाकली जातात, पण फिकट पेल एलमध्ये माल्टच उघडं पडतं. म्हणून वर्षातून दोनदा, सगळ्यांची पोती एकत्र मागवण्याआधी, आमच्यातल्या डेनीसच्या गॅरेजात नमुन्यांच्या वाट्या मांडायच्या. क्लॅरी प्रत्येक वाटीतले चार दाणे तोंडात टाकून डोळे मिटून चावायचा आणि एका वाटीकडे बोट दाखवायचा. नऊही घरांत तेच माल्ट जायचं. पोत्यावरची चिठ्ठी त्याने कधी वाचली नाही. "दात शाबूत आहेत तोवर वाचायला कशाला जाऊ?" म्हणायचा.

त्यानेच आम्हाला एक रीत लावली होती. कुणाचीही बाटली उघडली की प्रत्येकाने एक तरी खोट काढायची, मगच दुसरा घोट. "तोंडदेखलं बोलायचं असेल त्याने चर्चला जावं." माझ्या पहिल्या बाटलीला तो म्हणाला होता, "रॉस, ओल्या पुठ्ठ्याची चव आहे. पुठ्ठा बरा जमलाय." मी चिडून घरी गेलो आणि पुढच्या महिन्यात परत आलो.

मार्चमध्ये छपराची पन्हळ साफ करताना तो शिडीवरून पडला. डोक्याला अकरा टाके पडले. "कवटी जाड आहे माझी," म्हणून हसला. त्या माराने नाकाला वास येईनासा झाला होता, तेवढं मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. जिभेला गोड-कडू कळत होतं, बाकी काही नाही.

मे महिन्यात वाट्या मांडताना डेनीसचा घोटाळा झाला. तिने स्वतःच्या काळ्या बिअरसाठी आणलेलं, धुरावर वाळवलेलं माल्ट तिसऱ्या वाटीत ओतलं. दिसायला ते इतरांसारखंच फिकट, पण वास धुरी दिलेल्या हॅमचा, आणि तो दारातच येत होता. क्लॅरीने चार दाणे चावले.

"गोड आहे, कुरकुरीत आहे. हेच घ्या."

आम्ही हसलो. थट्टा करतोय असं वाटलं. तो मात्र हसला नाही. डेनीसने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, त्याची आजही लाज वाटते. डेनीसने मागाहून गुपचूप दुसऱ्या वाटीची पोती मागवली. पण क्लॅरीला धीर कुठला? तिसऱ्या वाटीच्या पोत्यातलं साडेचार किलो माल्ट तो तेव्हाच पिशवीत भरून घेऊन गेला.

जुलैच्या बैठकीला त्याने त्याची पेल एल आणली. पहिलं झाकण निघालं आणि गॅरेजभर हॅमचा वास सुटला. क्लॅरी आमच्या तोंडांकडे बघत होता.

"छान झालीय," डेनीस म्हणाली.

"मस्त," तिच्या शेजारी बसलेला बिल म्हणाला. मग सगळेच तेच म्हणत गेले. शेवटी माझी पाळी आली.

"मला आवडली, क्लॅरी."

"खोट सांग."

"नाही सापडली."

त्याने स्वतःचा पेला नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला. "एकवीस वर्षांत इथे मला कुणी छान म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "काय आहे तिच्यात?"

डेनीस पेले गोळा करायला लागली. त्याने उरलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या, टोपी घातली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी डेनीसच्या दाराशी त्याची माल्ट भरडायची गिरणी होती, घासूनपुसून ठेवलेली. तो पुन्हा आला नाही. फोन केला तर कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे असायचे.

ऑक्टोबरात तो मला दारूच्या दुकानात दिसला. हातात स्वस्त बिअरच्या कॅनचा खोका होता.

"कुठली घेतलीस?" मी विचारलं.

"हाताशी होती ती. मला काय फरक पडतो?"

मला राहवलं नाही. "क्लॅरी, हॅमचा वास होता तिला. धुराचं माल्ट होतं. पिववत नव्हती."

त्याने खोका काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "तेव्हा तोंडावर सांगितलं असतंस ना रॉस, तर चिडून घरी गेलो असतो. आणि पुढच्या महिन्यात परत आलो असतो."