कॅमेऱ्यावरचा स्टिकर

आत फोटो काढायचे नाहीत म्हणून क्लबच्या दारातच आमच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवले. मला हायसं वाटलं. तरुणपणी आम्ही इथे वेडंवाकडं नाचायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पुरावा उरायचा नाही.

पण माझी भाची सई नाचताना अंगावर उजेड आला की हनुवटी उचलायची, मान तिरकी करून क्षणभर थांबायची. समोर कोणीच नसायचं. आजूबाजूचेही तसेच थबकत होते. कॅमेरा झाकला, तरी त्याच्यासमोर उभं राहणं अंगातून जात नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, तिथे फोटो कोण काढणार होतं?"

स्टिकर नखाने खरवडत सई म्हणाली, "मावशी, मग तू पोट आत ओढून कोणासाठी नाचत होतीस?"

तेव्हा कुठे मी श्वास सोडला.