एकवीस पायऱ्यांची पाहणी

आमच्या वाडीतली चिमा मासे विकायची. एवढंच तिचं काम. शाळेची पायरीही कधी चढली नाही. पण खारेपेठेच्या नगरपालिकेला आयुष्यात एकदा कुणी खरोखरची पाहणी करायला लावली असेल तर ती हिने. सन १९३३.

खारेपेठ म्हणजे रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडच्या अलीकडे, खाडीवरचं गाव. बाजार, कचेरी, डॉक्टर सगळं खाडीच्या त्या काठाला आणि आमची वाडी ह्या काठाला. हद्द मात्र नगरपालिकेचीच. म्हणजे घरपट्टी भरायला आम्ही शहरवाले आणि रस्त्यावर दिवा मागायला गेलो की खेडवळ. भरतीला होडी वाडीच्या काठाला लागायची. ओहोटीला मधे नुसता चिखल, मांडीपर्यंत. आदल्या वर्षी शेजारची सावित्री बाळंतपणात अडली, ओहोटीच होती, तिला खाटेवर घालून नेणारे चौघेही रुतले. होडीपर्यंत पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं.

त्यावर नगरपालिकेने शोक व्यक्त केला, ठराव केला आणि वाडीच्या काठाला चिऱ्याच्या एकवीस पायऱ्या मंजूर केल्या. पार चिखल ओलांडून खोल पाण्यापर्यंत. कंत्राट आत्मारामशेटला. आत्मारामशेटने बारा बांधल्या आणि माणसं काढून घेतली.

आणि चिमाची सून हौसा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. पहिलटकरीण.

आता तुम्ही म्हणाल, नऊ पायऱ्या नाहीत हे पाहणीत कळलं नाही? कळणार कसं. पाहणी अकरा वाजता आणि दिवस आत्मारामशेट सुचवणार. तो नेहमी पौर्णिमा सुचवायचा, शुभ दिवस म्हणून. आणि आमच्याकडे पौर्णिमेला दुपारी बारा वाजता खाडी काठोकाठ भरलेली असते हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पाहणीला येणाऱ्या कमिटीतल्या आठांनाही कळत होतं. पण होडी काठाला लागते, धोतर भिजत नाही, आणि नंतर जेवण आत्मारामशेटकडे. मग विचारतो कोण.

ओव्हरसियर मात्र घाटावरचा. माणूस वाईट नव्हता. खाडीचं पाणी खाली-वर होतं हे त्याने ऐकलं होतं, पण ते कचेरीच्या वेळेत होत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

चिमा टोपली घेऊन कचेरीत गेली. "सायब, पायऱ्या बाराच हायत."

"तू मोजल्यास?"

"रोज उतरतंय मी. बारा झाल्या की मांडीभर चिखल."

"कधी मोजल्यास?"

"ओहोटीला."

"मग ती पाहणी नव्हे," ओव्हरसियर म्हणाला. "आमच्या दोन पाहण्यांत चार पायऱ्या दिसल्या आणि बाकीच्या पाण्याखाली आहेत असं नमूद आहे. पाण्याखालचं काम गृहीत धरतात, बाई. आता माघी पौर्णिमेला शेवटची पाहणी. परत येऊन अध्यक्षांची सही झाली की काम पूर्ण."

चिमा घरी आली तर हौसा चुलीपुढे. "आये, काय म्हणाले?"

"माघी पौर्णिमेला येतायत."

"मग झालंच म्हणायचं."

"गप बस. पौर्णिमेला ओहोटी नसते काय? संध्याकाळी चिखलातले खेकडे मोजून घे."

म्हणजे एवढंच करायचं होतं, अकराला आलेल्या कमिटीला पाचपर्यंत थांबवायचं. चिमा दादूकडे गेली. दादू मुंबईच्या गिरणीतून आजारी पडून आलेला, वाडीत लिहिता येणारा तो एकटा.

"दादू, मेल्या, मानपत्र लिही."

"कुणाला?"

"आठांना. एकेकाला वेगळं. आणि प्रत्येकानं दोन शब्द बोलावेत अशी वाडीची इच्छा हाय, ते घाल खाली."

"काकी, ते चोर हायत."

"चोराला गोड बोललं की तो बसतो," चिमा म्हणाली. "शिवी दिली की उठून जातो."

माघी पौर्णिमेला बाबल्याच्या होडीतून कमिटी आली. चार पायऱ्या पाहिल्या, पाणी पाहिलं, ओव्हरसियरने लिहिलं, सगळे परत वळले तर वर मांडव. आंब्याचे टहाळे, आठ हार, आठ मानपत्रं. अध्यक्ष सखारामपंत म्हणाले, "अरे, हे कशाला," आणि बसले. जेवणही चिमाने तिथेच मांडलं होतं. मासे न खाणाऱ्यांसाठी घावने आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. आत्मारामशेट सारखा म्हणत होता, आमच्याकडे पानं वाढलीत. कुणी उठेना.

मग भाषणं. पहिले सदस्य पाऊण तास बोलले, दिव्यांवर, जे आमच्याकडे नव्हते. दुसऱ्यांना पहिल्यांपेक्षा कमी बोलणं शक्य नव्हतं, कारण निवडणूक जवळ आलेली. तिसऱ्यांनी दोघांचे आभार मानले आणि मग मूळ विषयाला सुरुवात केली. खाली पाणी उतरत होतं. आत्मारामशेटच्या चेहऱ्यावरचंही.

दोन वाजता बाबल्या वर आला. "रावसाहेब, पाणी उतरतंय. आता निघालो तर बरं."

सखारामपंत त्याला हाताने थांबवून म्हणाले, "उतरू दे. ह्यांचं होऊ दे."

साडेतीनला आत्मारामशेट अध्यक्षांच्या कानाला लागला की सहीचा कागद इथेच उरकू. सखारामपंत म्हणाले, "माझं भाषण राहिलंय अजून."

ते सगळ्यात लांब झालं. शेवटचं वाक्य होतं, ह्या पायऱ्यांवरून वाडीच्या लेकीसुना कोरड्या पायाने उतरतील. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सव्वापाच वाजले होते.

होडी दूर खोल पाण्यात. अध्यक्ष मानाने पुढे, गळ्यात हार, हातात मानपत्र. एक, दोन, तीन करत बारा पायऱ्या रुबाबात उतरले आणि पुढचं पाऊल टाकलं ते कमरेपर्यंत गेलं.

कुणी हसलं नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

आत्मारामशेट वरून ओरडला, "पायरी आहे रावसाहेब. चिखलात जरा खाली बसली असेल."

"कुठे बसली?" सखारामपंत चिखलातून म्हणाले. "मी इथे उभा आहे. माझ्या पायाला लागत नाही."

"जरा डावीकडे बघा."

त्यांनी खरंच डावीकडे पाय फिरवला. मग उजवीकडे. मग चिखल छातीला लागला तेव्हा म्हणाले, "आत्माराम, मला आधी बाहेर काढ, मग तुला बघतो." बाबल्याने आणि दादूने त्यांना फळीवर घेऊन ओढलं. ओव्हरसियर बाराव्या पायरीवर वही उघडून उभा होता. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: अध्यक्षांच्या छातीपर्यंत तपास केला, तेरावी पायरी आढळली नाही. चौदावी ते एकविसावीबाबत अध्यक्षांनी पुढे जाण्यास नकार दिला.

सही झाली नाही. नऊ पायऱ्या बांधल्याशिवाय ती होणार नाही, असं सखारामपंतांनी चिखल धुता धुताच सांगितलं. आत्मारामशेटची माणसं तिसऱ्या दिवशी परत आली. वैशाखाच्या शेवटी काम संपलं.

पुढच्याच सभेत नगरपालिकेने एकमताने ठराव केला, की सदस्यांच्या जिवाला धोका असल्याने यापुढे कोणतीही पाहणी ओहोटीच्या वेळी करू नये. चिमाला हे दादूने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "करू देत. आमच्यापुरती झाली."

ज्येष्ठात, सकाळच्या ओहोटीला, हौसाला कळा सुरू झाल्या. पाऊस अजून सुरू झाला नव्हता, चिरे कोरडे होते. चिमाने तिचा दंड धरला. मधे एकदा हौसा थांबली.

"आये, अजून किती?"

"थोड्या. पाय बघून टाक."

"होडी हाय ना गो?"

"हाय. बाबल्या धरून उभा हाय."

शेवटच्या पायरीला पाणी लागत होतं. बाबल्याने हात दिला, हौसा होडीत बसली. पाय कोरडे होते.