कुसळ काढणारी राजाबाई

मोडनिंबात राजाबाईच्या जिभेला सगळे भ्यायचे, आणि ज्वारीच्या मळणीत तिच्याच जिभेकडे धाव घ्यायचे. डोळ्यात कुसळ गेलं की ती माणसाला खाली बसवायची, दोन बोटांनी पापणी फाकवायची आणि जिभेच्या टोकानं ते अलगद टिपायची. आईकडून शिकली होती. त्याबद्दल कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायची नाही. शिव्या मात्र फुकट द्यायची.

चौऱ्याहत्तरच्या मळणीत तिची सून बजाबाई डोळा धरून कळवळली. राजाबाईचा ताप नुकता उतरला होता, ओठाच्या कोपऱ्यावर बारीक फोड उठले होते. तिनं कुसळ काढलं. आठवड्याभरात बजाबाईचा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. आत काही राहिलं असेल म्हणून राजाबाईनं आणखी दोनदा जीभ फिरवली. त्याच घरात वाढलेल्या मला आजही तिचा राग येतो, आणि मग वाईट वाटतं. ती तिच्या परीनं मायाच करत होती.

समोरचं माणूस धूसर दिसायला लागलं तेव्हा कुठे दोघींनी एसटीनं सोलापूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जखम आहे, डोळ्याच्या आतही सूज आहे, आणि हे विषाणूचं काम आहे. त्या विषाणूवरचे थेंब आपल्याकडे तसे नवेच होते. थंड ठेवायचे, दिवसा तासातासाला घालायचे. चुकलं तर डोळा जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "घरात कुणाच्या ओठावर फोड आले होते का? त्या तोंडाचा डोळ्याला स्पर्श झाला?"

"न्हाय," बजाबाई म्हणाली.

राजाबाईनं मान खाली घातली. जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

तिला घड्याळ कळत नव्हतं. नर्सनं भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, मोठा काटा सरळ वर गेला की थेंब. तीन आठवडे राजाबाई त्या काट्याकडे बघत खाटेशी बसली. भाकरी खातानाही तिचं लक्ष तिकडेच. डोळा वाचला. बुबुळावर पांढुरकी खूण राहिली, त्या डोळ्यानं बजाबाईला थोडं अंधुक दिसायचं. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाबद्दल दोघी आपसांत कधीच बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मळणीत शेजारची गोजरबाई डोळा चोळत खळ्यावर आली आणि सवयीनं राजाबाईपुढे बसली.

"मी न्हाय काडत आता. पान्यानं धू."

"का गं? लई मोटी झालीस व्हय?" गोजरबाई चिडली.

"आत्याला बरं न्हाय," बजाबाई घाईनं म्हणाली.

"मला काय बी झालं न्हाय," राजाबाई म्हणाली. खळ्यावरचे सगळे ऐकत होते. "माज्या ओटावर फोड हुते, तरी मी जीब लावली. हिचा डोळा माज्यापायी नासला. डाक्टरनं इचारलं तवा हिनं मला झाकलं, अन् मी बी गप बसले."

गोजरबाई बजाबाईकडे वळली. "व्हय गं? खरं हाय?"

बजाबाईनं पाण्याची कळशी उचलली आणि सासूच्या शेजारी येऊन बसली.

"आत्या, तुमी पापणी धरा," ती म्हणाली. "मी पानी वतते."