सदरच्या पादऱ्याची चिठ्ठी

अमेरिकेतल्या विद्यापीठाचे पत्र आमच्या वस्तीत आले ते माझ्या मित्राच्या नावाने. माझ्या नावाचे आठ दिवसांनी आले, आणि त्यात जागा नसल्याचे कळवले होते. एकोणीसशे एकाहत्तर साल होते. आम्ही दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले, दोघेही रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेले, आणि गुणांत मी नेहमी त्याच्यापेक्षा थोडा पुढे. हे लिहायला मी आज चाळिशी ओलांडल्यावरही विसरलो नाही, यावरून काय ते समजावे.

अर्ज आम्ही त्याच्या घरी बसून भरले. त्याच्या आईला मी मावशी म्हणत असे. ती विड्या वळत आमच्याकडे पाहत होती. छप्पन्न साली आमच्या घरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून कुठल्याही कागदावर धर्म लिहायची आम्हाला सवय लागली होती. त्या अर्जात धर्माचा रकानाच नव्हता. आम्ही दोनदा शोधला. शेवटी नावाशेजारी मोकळी जागा पाहून दोघांनीही ‘बौद्ध’ असे लिहून टाकले. न लिहिता कागद पाठवणे आम्हाला चोरीसारखे वाटले असते.

अर्जासोबत दोन शिफारशी लागत होत्या. एक आमच्या प्राध्यापकांनी दिली. दुसरी इंग्रजीत लिहून देईल असा माणूस आमच्या ओळखीत कुठून असणार? शहरातल्या सदर भागात एक अमेरिकन पादरी वाचनालय चालवत. तिथे आम्ही मासिके चाळायला जात असू. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, दोन्ही चिठ्ठ्या स्वतः टाईप केल्या आणि धर्माविषयी एक शब्द काढला नाही. माझी चिठ्ठी त्याच्या चिठ्ठीपेक्षा दोन ओळी लांब होती. घरी आल्यावर मावशीने दोन्ही हातात घेऊन, अक्षर कळत नसूनही, उलटून पालटून पाहिल्या.

त्याला जागा मिळाल्यापासून मला त्याच्या घरी जाणे नको वाटे, आणि गेल्याशिवाय राहवतही नसे. त्याने कामठीच्या छावणीजवळून जुना लष्करी ओव्हरकोट आणला होता. तो घालून तो घामाघूम होऊन आरशापुढे उभा होता.

“तू घालून पाह्य बरं,” तो म्हणाला.

मी घातला. त्याच्या खांद्यांवरून तो लोंबत होता, मला नेमका बसला.

“तुह्यासाठीच शिवला वाटते बाबू,” मावशी हसून म्हणाली.

मीही हसलो. घरी पोचेपर्यंत डोक्यात दुसरे काही नव्हते.

अमेरिकेविषयी आमच्या विहारात दोन मते होती, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून निघत. आमच्या समाजाचे सर्वांत मोठे पुढारी तिकडे शिकून आले, म्हणून तो देश चांगला. तोच देश व्हिएतनाममध्ये बौद्धांच्या गावांवर बॉम्ब टाकतो, म्हणून वाईट. स्वतःला पेटवून घेतलेल्या एका भिक्खूचा वर्तमानपत्रातला फोटो कित्येक वर्षे विहाराच्या भिंतीवर चिकटवलेला होता. डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली. अमेरिका पाकिस्तानच्या बाजूची, हे सगळ्यांना माहीत होतेच. तिचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा चांगल्या मताला जागाच उरली नाही.

ती बातमी मी विहाराच्या ओट्यावर ऐकली. रेडिओभोवती दहा-बारा माणसे होती. विहार समितीचे अध्यक्ष गिरणीतून निवृत्त झालेले होते. वस्ती त्यांना मामाजी म्हणे.

“तिकडं भिक्खू मारले, आता इकडं येऊन राहिले,” मामाजी म्हणाले.

“अन् आपला पोरगा तिकडंच जाऊन राहिला,” कुणीतरी म्हणाले. “रेशनचा अमेरिकन गहू खाऊन पोट नाही भरलं वाटते त्याचं.”

माणसे हसली. मी म्हणालो, “त्याले चिठ्ठी सदरच्या पादऱ्यानं देल्ली. पादरी फोकटात कायले देईन?”

एवढेच. तशीच चिठ्ठी मलाही दिली होती, हे मी बोललो नाही.

हे वाक्य आमच्या लोकांना कुठे लागेल ते मला पक्के ठाऊक होते. दीक्षा घेतल्यापासून आम्ही ऐकत आलो होतो की यांनी काहीतरी मिळेल म्हणून धर्म सोडला. आता आमच्यातलाच एक तसा निघाला, ही गोष्ट वस्तीला त्या आरमारापेक्षा जास्त झोंबली. दोन दिवसांत तो बाप्तिस्मा घेऊन आला इथवर बोलणे गेले. हे मी कुठेही म्हटले नव्हते. खोडूनही काढले नाही.

वस्तीतले कुणी शिकायला किंवा नोकरीला दूर निघाले की आधीच्या रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारात जमत, जाणाऱ्याला पुढे बसवून वंदना होई. मामाजींनी मावशीकडे निरोप पाठवला, दिवस बरे नाहीत, या वेळी जमणार नाही.

मावशी माझ्याकडे आली.

“तू तं होता ना त्याच्यासंग पादऱ्याकडं? मामाजीले सांग ना गा एकडाव.”

“मी बाहेर सायकलीपाशी उभा होतो वं मावशी. अंदर काय झालं, मले काय मालूम?”

तिने माझ्याकडे पाहिले. माझी चिठ्ठी तिने स्वतःच्या हातांनी धरली होती. मग ती पदर सावरून गेली.

त्या रविवारी ती पांढरे लुगडे नेसून दारात बसली होती. कुणी बोलावलेच तर उशीर नको म्हणून असेल. मी तिच्यासमोरून विहारात गेलो आणि सगळ्यांबरोबर पंचशील म्हटले. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. माझा आवाज कुठेही अडखळला नाही. मंगळवारी तो मुंबईच्या गाडीत बसला. मी स्टेशनवर होतो. गाडी हलेपर्यंत मला आशा होती की काहीतरी होईल आणि तो उतरेल.

मावशी त्यानंतर आमच्या विहारात आली नाही. दर पौर्णिमेला ती बसने एकटी कामठीच्या विहारात जाई. अशी सोळा वर्षे गेली. गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले, बस चढवेना, आणि ती घरीच भिंतीवरच्या तसबिरीपुढे वंदना करू लागली. आमचा विहार तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. मला ते पाहवेना. मी जाऊन सगळे सांगितले. ती तेंदूची पाने कापत होती. कात्री थांबली नाही.

“मले तं तवाच समजलं होतं,” ती म्हणाली. “मले काय सांगतं? तिथं सांग.”

पुढच्या रविवारी ती माझा हात धरून विहारात आली. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितले. चिठ्ठ्या दोन होत्या. दोन्ही माझ्यासमोर टाईप झाल्या. त्याने धर्म सोडला नव्हता. तो तिकडेही रोज वंदना करतो, असे मावशीला पत्रांत लिहितो. खोटे मी पसरवले.

मामाजी आता नव्वदीला टेकले आहेत. “काहून केलं गा असं?” त्यांनी विचारले.

“लढाईचे दिवस होते मामाजी. अमेरिकेचा राग होता डोक्यात.”

“होता बाप्पा. समद्यायलेच होता,” ते म्हणाले. जुन्या माणसांनी माना हलवल्या. मामाजी काठी टेकत उठले आणि मावशीपुढे हात जोडून म्हणाले, “बाई, चुकलं आमचं.” तिला पुढच्या सतरंजीवर बसवले. निघताना तिघांनी माझ्याकडे त्याचा अमेरिकेतला पत्ता मागितला, आपापल्या मुलांसाठी. मी मावशीकडे बोट दाखवले.

परत येताना दाराशी पोचल्यावर मावशी म्हणाली, “अमेरिकेनं काय केलं होतं गा तुह्यं?”

आरमाराची बातमी आली तेव्हा ओट्यावरचे सगळे संतापले होते, आणि मी एकटा आतून सुखावलो होतो. आता त्याचे जाणे रद्द होईल असे मला वाटले होते. अमेरिकेचा राग मला एक दिवसही आला नाही. मला तिथे जायचे होते, आणि गेला तो. विहारात एवढे सांगायचे राहिले आहे.