माद्या कापायच्या नाहीत

बी.एस्सी. झाल्यावर मला पिंपरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. थेरगावातून मी सायकलीवर यायचे. आमच्या विभागात पदवी घेतलेली बाई मी एकटीच.

आमच्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना होती. ज्वारीत होणाऱ्या सोंड्यांच्या अंगात जिवाणू असतात आणि त्यांच्या मदतीनं तो किडा पोसला जातो. कारखान्यातलं जिवाणू मारणारं औषध पिठात कालवून किड्यांना घातलं, तर पुढची पैदास थांबेल. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. किडे आणून दिले काचसामान धुणाऱ्या मावशींनी. त्या चिंचवड गावठाणातल्या. "आमच्या कणगीत हायेत की, लागतील तेवढं न्या," म्हणाल्या.

साहेबांची एक अट होती. नरच कापायचे. मादीच्या पोटात अंड्यांचा पसारा, त्यात वेळ जातो. नराची सोंड आखूड आणि खरबरीत, मादीची लांब, गुळगुळीत. मी आणि मावशी भिंगाखाली निवडायला बसायचो. काही माद्या पैदाशीसाठी बरणीत राहायच्या, बाकीच्या गरम पाण्यात जायच्या.

सुरुवातीला तपासलेल्या कोवळ्या नरांमध्ये जिवाणू भरपूर होते. महिनाभर औषधाचं पीठ खाल्लेल्या नरांत एकही नव्हता. साहेब खूश झाले. मला मात्र राहवेना. औषध न दिलेल्या बरणीतले, तेवढ्याच वयाचे नर मी कापले. त्यांच्यातही काही सापडलं नाही. म्हणजे वय वाढलं की नरांतले जिवाणू आपोआपच जात होते. मग जेवणाच्या सुट्टीत मी पैदाशीसाठी ठेवलेल्या, औषध खाल्लेल्या माद्या कापल्या. त्यांच्या अंडाशयाच्या टोकाशी जिवाणू गच्च भरलेले होते. तिथून ते अंड्यांत जाणार, अंड्यांतून पुढच्या पिढीत. ज्यांच्याकडे बघायला हवं होतं, त्यांनाच आम्ही गरम पाण्यात टाकत होतो.

मी साहेबांना सांगितलं, काचपट्टी लावून ठेवली. ते मायक्रोस्कोपवर वाकलेसुद्धा नाहीत.

"तुम्ही बाईमाणूस," ते म्हणाले, "म्हणून तुम्हाला सगळीकडे माद्याच दिसतात."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. संध्याकाळी नोंदवहीत 'औषध लागू पडलं' या नोंदीखाली सही करायची होती, ती मी केली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आकृत्या आणि काचपट्ट्या घेऊन थेट मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं, चार नेमके प्रश्न विचारले आणि सगळं ठेवून घेतलं. मला वाटलं, झालं.

दोन महिन्यांनी टाइप केलेला अहवाल विभागात आला. त्यात माद्यांवर स्वतंत्र प्रकरण होतं. आकृत्या माझ्याच, फक्त दुसऱ्या हातानं गिरवलेल्या. नाव आमच्या साहेबांचं. आभाराच्या पानावर पीठ पुरवणाऱ्या कँटीनच्या कोठारप्रमुखाचेसुद्धा आभार होते. माझं नाव नव्हतं आणि मावशींचंही नव्हतं.

मी विचारायला गेले. साहेब शांतपणे म्हणाले, की काम कोणा एकाचं नसतं, विभागाचं असतं.

"तुम्ही मला हसलात तेव्हा ते माझं एकटीचं होतं," मी म्हणाले.

त्यांनी फाइल उघडली आणि वाचायला लागले. मी तिथे उभीच नाही असं.

त्याच महिन्यात माझी बदली झाली, भरलेल्या बाटल्या उजेडासमोर धरून कचरा शोधायच्या खात्यात. तिथे सगळ्या बायकाच होत्या. बायकांची नजर बारीक असते, त्यांच्यापासून काही सुटत नाही, असं व्यवस्थापनाचं मत होतं.