शिर्केबेन आणि प्रेशरचा तांदूळ

बडोद्याच्या फतेगंजमधल्या आमच्या घरमालकीणबाई भाडेकरू मुलींना हाक मारत नसत, शिट्टी वाजवत. आखूड शिट्टी म्हणजे नळाला पाणी आलं, लांबलचक म्हणजे चहा तयार. मुलींच्या शाळेत जन्मभर खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो, अख्खी गल्ली शिर्केबेन म्हणायची.

मी तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होते. "दिवसभर करतेस तरी काय?" बाईंनी एकदा विचारलं.

"आम्ही तांदळात सोयाबीनचं एक जनुक घातलंय. तो भात खाल्ला की रक्तदाब उतरावा, अशी खटपट चाललीय."

बाई झोपाळ्यावरून उठल्याच. त्यांना स्वतःला रक्तदाब होता आणि तो त्यांना अपमान वाटायचा. गोळी घ्यायच्या, पण आमच्याकडे पाठ करून, चोरून. म्हणायच्या, "गोळी खाते ती आजारी. भात खाते ती भुकेली. मला भुकेली राहू दे ने!"

तेव्हापासून संध्याकाळी मी फाटकातून आत आले की प्रश्न ठरलेला, "आपला तांदूळ केम छे?" एकदा तर हट्टाने विद्यापीठातलं रोपांचं काचघर बघायला आल्या, इस्त्रीची साडी नेसून. कुंड्यांतली रोपं वाकून वाकून पाहिली. "हा तर साधाच दिसतो गं!" मग वर्गाला दम द्यावा तसं रोपांना म्हणाल्या, "चला, ताठ उभे राहा!"

तो भात खाऊन प्रयोगशाळेतल्या उंदरांचा रक्तदाब उतरला, त्या दिवशी मी धावतच घरी आले. बाईंनी लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओला चिवडा, मागवून गल्लीभर वाटला, स्वतःही भरपूर खाल्ला. आणि कुणाला न सांगता गोळी बंद केली.

थोड्याच दिवसांत भाजीवाला त्यांना रिक्षात घालून दारात आला. "बेन बजारमां पडी गया!" आम्ही त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. प्रेशर भलतंच चढलं होतं. त्या डोळे उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

"बाई, गोळी का सोडलीत?"

"आता तांदूळ आला ने?"

"तो अजून उंदरांपुरताच आहे. माणसांच्या ताटात यायला कितीतरी वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही."

त्या खुदकन हसल्या. "म्हणजे उंदीर ठणठणीत आणि मी खाटेवर! बराबर. आण ती गोळी."

घरी आल्यावर गोळी झोपाळ्यावर बसून, सगळ्यांदेखत घेऊ लागल्या. एवढ्यावर थांबल्या नाहीत. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून गल्लीतल्या बायकांना रांगेत उभं केलं आणि एकेकीचं प्रेशर मोजून घेतलं. कुणी संकोचली की म्हणायच्या, "लाजायचं काय त्यात? मी गोळी खाते, तूही खा!"

पुढे नोकरी लागून मी बडोदं सोडलं. तांदळाचं ते काम रेंगाळत रेंगाळत थांबलं. कित्येक वर्षांनी बाईंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. तांदूळ कुंड्यांतच राहिला, हे सांगताना माझाच आवाज पडला.

"अगं, तोंड का पाडतेस?" बाई म्हणाल्या. "गोळ्या मी घेतल्या त्या कशासाठी? तुझा तांदूळ येईपर्यंत टिकायचं म्हणून ने! त्या नादात इतकी वर्षं जगले."

मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "गव्हावर कुणी असलं काम करतंय का, तेवढं बघून ठेव. मला मुळात पोळीच जास्त आवडते."